बोहारणीच्या गाठोड्यातले अर्थकारण

सोलापूर शहरापासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर असलेले होटगी हे रेल्वेचे जुने जंक्शन आहे. येथून एक मार्ग वाडीकडे आणि पुढे गुंतकलला जातो, तर दुसरा विजयपूरमार्गे गदगकडे. दक्षिण सोलापूर तालुक्यातील या भागात मराठीइतकीच कन्नडही सहज कानावर पडते. सकाळच्या वेळी शेताच्या वाटेला लागलेल्या बायकांकडे पाहिले, तर एक गोष्ट नजरेत भरते. अंगात इरकली किंवा साधी सुती साडी असते आणि तिच्यावर पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट. उसाच्या पानांची धार, ज्वारीच्या काढणीत अंगाला सुटणारी खाज आणि माथ्यावरचे ऊन यांपासून बचाव करणारा हा शर्ट म्हणजे शेतमजूर स्त्रीचा अघोषित गणवेशच होय. तो क्वचितच नवा असतो. कधी तो घरातल्याच पुरुषाचा जुना असतो, तर कधी आठवडी बाजारात जमिनीवर पसरलेल्या ढिगातून निवडून, घासाघीस करून घेतलेला.

त्या ढिगापर्यंत तो शर्ट पोहोचतो कसा? शहरातल्या एखाद्या कारकुनाने कॉलर विरली म्हणून टाकलेला सदरा शेताच्या बांधावर येईपर्यंत अनेक हातांतून जातो. त्या प्रत्येक हाताला त्यातून थोडीबहुत मजुरी मिळते. पाश्चात्त्य देशांत ज्याला ‘थ्रिफ्ट स्टोअर’ म्हणतात, त्या दुकानांचा हेतू नेमका हाच सांगितला जातो: गरजूला परवडणारे नीटनेटके कपडे आणि ज्याला कोणी काम देत नाही त्याला काम. महाराष्ट्रात असे दुकान कोणी थाटले नाही, कारण ते बोहारणीच्या डोक्यावर दारोदार फिरतच होते.

परदेशातील दुकानांचा इतिहास थोडक्यात पाहण्याजोगा आहे. अमेरिकेतील बोस्टन शहरात एडगर हेल्म्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकाने १९०२ मध्ये ‘गुडविल’ची सुरुवात केली. सधन वस्त्यांमधून जुने कपडे आणि सामान गोळा करायचे, बेकार व गरीब माणसांकडून ते दुरुस्त करून घ्यायचे आणि विक्रीतून त्यांचीच मजुरी भागवायची, अशी त्याची रीत होती. पुढे अपंग व्यक्तींना रोजगार देणे हे या संस्थेचे मोठे काम झाले. ब्रिटनमध्ये ‘ऑक्सफॅम’ने दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान उघडले. या दोन्ही ठिकाणी कपडा फुकट वाटला गेला नाही, तो विकला गेला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. किंमत नाममात्र असली तरी घेणारा ग्राहक म्हणून दुकानात येतो. रंग, माप आणि कापड तो स्वतः निवडतो, आणि नापसंत असेल तर नाकारतो.

दारातला सौदा

बोहारीण येते ती बहुधा दुपारी. घरातले पुरुष कामावर गेलेले असतात, स्वयंपाकघर आवरलेले असते. डोक्यावरच्या पाटीत स्टीलचे डबे, पातेली, पराती आणि अलीकडे प्लास्टिकच्या बादल्या व टब असतात. खांद्याला गाठोडे असते. उंबऱ्याबाहेर बसकण मारून ती एकेक कपडा उलगडते. शर्टाची कॉलर, विजारीची मांडी, साडीचा काठ, आतली शिवण हे सारे तिचे डोळे क्षणात जोखतात. ‘एवढ्यात डबा बसत नाही, अजून एक विजार घाला’ असे ती म्हणते आणि घरची बाई ‘गेल्या खेपेला तर दिला होता’ म्हणून अडून बसते. अर्धा तास चाललेल्या या वादाचा शेवट दोघींनाही आपण जिंकलो असे वाटण्यात होतो, हीच या व्यवहाराची खुबी.

या सौद्याला आणखी एक बाजू आहे. त्यात रोख रक्कम नसते. नवऱ्याकडे हिशेब द्यावा लागत नाही. ज्या काळात मध्यमवर्गीय गृहिणीच्या हाती स्वतःचा म्हणून पैसा नसे, त्या काळात फडताळातील निम्मी भांडी अशाच व्यवहारातून जमत गेली. आजही अनेक घरांत एखादे पातेले ‘कशावर घेतले’ हे आजीला नेमके आठवते.

बोहारणीच्या दृष्टीने पाहिले तर कामाची सुरुवात येथून पुढे होते. संध्याकाळी गाठोडे सुटते आणि निवड सुरू होते. फारसा न वापरलेला कपडा, विशेषतः जीन्स, चांगला शर्ट, लहान मुलांचे सणाचे कपडे हा वरचा माल. तो धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून पुन्हा विकला जातो. कित्येकदा त्याची घडी अशी घातली जाते की नव्यासारखा दिसावा. मधला माल म्हणजे रफू आणि ठिगळाच्या लायकीचा. तो बाजारात जमिनीवर पसरतो, आणि शेतावरच्या बाईचा शर्ट येतो तो बहुधा याच थरातून. तळाचा माल म्हणजे चिंध्या. सुती चिंधीला गॅरेज, छापखाने आणि कारखाने यांची मागणी असते, कारण तेल व शाई टिपायला सुती कापडासारखे दुसरे काही नाही. जरीच्या जुन्या साड्यांचा मार्ग वेगळा. खरी जर असेल तर ती जाळून त्यातली चांदी काढणारे व्यापारी वेगळे असतात आणि ‘जुनी जरीची साडी’ अशी त्यांची हाळी अजूनही काही गावांत ऐकू येते.

धुणारा, रफू करणारा, इस्त्रीवाला, पथारी मांडणारा, चिंध्यांचा घाऊक व्यापारी अशी ही साखळी आहे. तिच्यात शिरण्यासाठी शाळेचा दाखला लागत नाही, दुकानाची पागडी लागत नाही. थोड्या भांड्यांपुरते भांडवल आणि कापड ओळखणारी बोटे एवढी पुंजी पुरते. पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार किंवा मुंबईतील चोरबाजार यांच्या आधाराने उभी राहिलेली कुटुंबे याच साखळीतली. ‘चोरबाजार’ हे नाव गमतीने घेतले जात असले तरी तेथे प्रामाणिकपणे जुना माल विकणाऱ्याला ते नाव रोज सोसावे लागते, याचा विचार सहसा कोणी करत नाही.

कुंपणाबाहेरची माणसे

नावाचा हा डाग योगायोगाने आलेला नाही. मुंबईत जुन्या कपड्यांचा व्यवसाय मुख्यतः गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाने सांभाळला. महाराष्ट्राच्या इतर भागांत तो निरनिराळ्या भटक्या आणि गरीब समाजांकडे आहे. वाघरी हा महाराष्ट्राच्या यादीतील चौदा विमुक्त जातींपैकी एक. ‘विमुक्त’ या शब्दामागे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आहे. या कायद्याने संपूर्ण समाजच्या समाज जन्मतः गुन्हेगार ठरवले होते.

सोलापूरकरांना हा इतिहास पुस्तकातून वाचावा लागत नाही. शहरातील ‘सेटलमेंट’ या वस्तीचे नावच तो सांगते. काटेरी तारांच्या कुंपणात कुटुंबे ठेवायची, हजेरी घ्यायची आणि दिवसा गिरण्यांमध्ये कामाला पाठवायचे, अशी ती व्यवस्था होती. अशाच वसाहती विजापूर, गदग आणि हुबळी येथेही होत्या. होटगीहून दक्षिणेकडे जाणाऱ्या लोहमार्गाने ही गावे एकमेकांना जोडलेली आहेत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि कुंपण निघाले. संशय मात्र निघाला नाही. दारोदार फिरणाऱ्या बाईकडे आजही जी नजर टाकली जाते, तिची मुळे तेथवर पोहोचतात. गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर ‘फेरीवाल्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लागते, तेव्हा भाजीवाला फोन करून आत येऊ शकतो, वस्तू घरपोच देणारा तरुण नोंदवहीत सही करून आत जातो. बोहारणीला मात्र ओळख देणारे कोणी नसते.

कायद्याच्या दृष्टीनेही ती चमत्कारिक जागी उभी आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फिरत्या विक्रेत्यांना संरक्षण दिले, नगरपथविक्रेता समित्यांची तरतूद केली. २०२० मध्ये करोनाकाळात ‘पीएम स्वनिधी’ योजनेतून दहा हजार रुपयांच्या खेळत्या भांडवलाची सोय झाली. परंतु बोहारीण दारात जे करते त्याला विक्री म्हणायचे की खरेदी? ती भांडे देते आणि कपडा घेते, पावती नाही, ठरलेली जागा नाही. तिची खरी विक्री पहाटेच्या बाजारात किंवा गावोगावच्या आठवडी बाजारात होते. ज्या धंद्याला नेमके नाव देता येत नाही तो सर्वेक्षणातून सहज निसटतो.

अहमदाबादचा धडा

हा धंदा संघटित झाल्यास काय घडू शकते, याचे ठळक उदाहरण शेजारच्या राज्यात आहे. इला भट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत ‘सेवा’ ही स्वयंरोजगारी स्त्रियांची संघटना उभारली, तेव्हा तिच्या पहिल्या सभासदांत जुने कपडे विकणाऱ्या बायका होत्या. भांडी घेण्यासाठी त्यांना सावकाराकडून जबर व्याजाने पैसे उचलावे लागत. दिवसभराची कमाई व्याजातच जाई. बँका त्यांना दारात उभे करत नसत. जुन्या कपड्यांचा व्यापार करणाऱ्या चंदाबेन यांनी एका सभेत, मग आपलीच बँक का काढू नये, असा सरळ प्रश्न केला, अशी आठवण इला भट यांनी नोंदवली आहे. १९७४ मध्ये सुमारे चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपयांचा भाग घेऊन ही सहकारी बँक उभी केली. नोंदणीसाठी सह्या लागणार म्हणून प्रवर्तक बायका रात्रभर बसून आपले नाव लिहायला शिकल्या. भांडी रोखीने घेता येऊ लागली की घाऊक व्यापाऱ्याकडे भाव करता येतो आणि माल पडेल त्या दराला विकून टाकण्याची घाई राहत नाही.

महाराष्ट्रात याच्याशी नाते सांगणारा प्रयोग पुण्याचा. डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. कचरावेचक स्त्रियांना ओळखपत्र मिळाले आणि पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्यास सुरुवात केली. या संस्थेने जुने कपडे, गाद्या, खेळणी, मोडके सामान असे सारे ठरावीक दिवशी एका ठिकाणी गोळा करण्याचा उपक्रमही चालवला. कामगार स्त्रिया त्यातून वापरण्याजोगे निवडून वेगळे काढतात. देणाऱ्याचे घर मोकळे होते आणि निवडीचे काम ज्यांच्या हातचे त्यांनाच मोबदला मिळतो. बोहारणीच्या व्यवसायातला कौशल्याचा भाग म्हणजे हीच निवड.

वाटप आणि विक्री

जुन्या कपड्यांविषयी समाजात सद्भाव पुष्कळ आहे, पण तो बहुधा फुकट वाटपाकडे वळतो. इराणमधील मशहद शहरात २०१५ मध्ये एका भिंतीवर खुंट्या ठोकून ‘नको असेल तर ठेवा, हवे असेल तर न्या’ या अर्थाचा मजकूर लिहिला गेला. ही कल्पना भारतात झपाट्याने पसरली आणि २०१६ च्या सुमारास कोल्हापूरसह महाराष्ट्रातील अनेक शहरांत ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. दिवाळीच्या आठवड्यात ही भिंत फुलते. त्यानंतर मात्र बहुतेक ठिकाणी निवडायला, धुवायला, झाकायला कोणी नेमलेले नसते. चांगले कपडे पहिल्याच दिवशी जातात आणि उरलेला ढीग धूळ खात पडतो. ज्या बोहारणीने तोच ढीग दोन दिवसांत कामी लावला असता, तिला त्या भिंतीपाशी स्थान नसते.

आपत्तीच्या वेळी हे अधिक ठसठशीतपणे दिसते. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचे डोंगर येऊन पडले. त्यांतील पुष्कळसे न वापरताच रस्त्याकडेला राहिले. अंगावरच्या वस्त्रानिशी वाचलेल्या कोळी कुटुंबांनीही दुसऱ्याचे मळके कपडे घेण्यास नकार दिला, आणि तो त्यांचा हक्कच होता. ते कपडे वेचून, छाटून मार्गी लावण्याचे काम पुढे ‘गूंज’ संस्थेने हाती घेतले. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये घरच्या ६७ कपड्यांपासून सुरू केलेल्या या संस्थेने पुढे वेगळीच पद्धत रुळवली. गावकऱ्यांनी विहीर खणायची, बंधारा घालायचा, रस्ता दुरुस्त करायचा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. अगदीच फाटक्या सुती कापडापासून स्वच्छ धुतलेले मासिक पाळीचे पॅड तयार केले जातात. अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घेणाऱ्याने काही दिले पाहिजे, मग ते पैसे असोत वा श्रम, हे तत्त्व बोहारणीच्या डब्याहून फार निराळे नाही.

करोनाच्या टाळेबंदीपासून इन्स्टाग्रामवर जुन्या कपड्यांची ‘थ्रिफ्ट’ दुकाने चालवणाऱ्या तरुण मुलींची संख्या वाढली. एकेकाळी दुसऱ्याचे कपडे वापरणे कमीपणाचे मानणाऱ्या घरांतील मुली आता ते हौसेने मिरवतात, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र या खिडकीतून कपडा घेणारा आणि विकणारा दोघेही बहुधा एकाच वर्गातले असतात. होटगीच्या शेतातल्या बाईला त्यातून शर्ट मिळत नाही आणि बोहारणीला कामही.

पातळ होत चाललेले गाठोडे

व्यवसायाला खरा धक्का कापडाच्या प्रकाराने दिला आहे. पॉलिस्टर फाटत नाही आणि विरतही नाही, पण त्याची चिंधी तेल टिपत नाही. त्यामुळे तळाच्या मालाचा भाव पडतो. दुसरीकडे नवे कपडे इतके स्वस्त झाले आहेत की जुन्या शर्टासाठी चार पैसे मोजण्यापेक्षा थोडे अधिक देऊन नवा घ्यावा, असे मजुरालाही वाटते. तो नवा चार धुण्यांत जातो हे नंतर कळते. स्टीलच्या डब्याचे अप्रूप सरले, कपाटातच डबे मावत नाहीत. भरीला परदेशातून आलेले जुने कपडे. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर भारतात निर्बंध आहेत. कांडला येथील विशेष आर्थिक क्षेत्रात ते निवडून पुन्हा निर्यात करणे अपेक्षित असते आणि पानिपतच्या गिरण्यांसाठी येणारे लोकरी कपडे चिरून, निकामी करूनच यावेत असा नियम आहे. तरीही चांगला माल बाजारात झिरपतो. पदपथावर ढिगाने दिसणारी परदेशी जाकिटे स्थानिक गाठोड्यातील मालाशीच स्पर्धा करतात.

सोलापुरापुरते बोलायचे तर येथे या धंद्याला लागणारे सगळे काही आहे. १८७७ मध्ये उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपासून या शहराची बोटे सुतात आहेत. मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, चादरीला बाहेरच्या नकली मालाने गाठले, पण शिवणकाम टिकले आणि शालेय गणवेशांच्या उत्पादनात शहराने नाव मिळवले. होटगीच्याच तालुक्यात कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत २००६ मध्ये झाली. त्याच गावातील रे नगर या आणखी मोठ्या वसाहतीतील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली. विडी वळून कंबर आणि फुप्फुसे गमावणाऱ्या या बायकांना बसून करण्याजोगे दुसरे काम हवे, ही मागणी जुनी आहे.

गणवेशाचेच उदाहरण घ्यावे. मुलाचा गणवेश फाटण्याआधी आखूड होतो. दरवर्षी मे महिन्यात अशा चांगल्या स्थितीतल्या गणवेशांचा मोठा साठा घराघरांतून निघतो. तो बहुधा बोहारणीकडेच जातो आणि तिला त्याचा भाव फारसा येत नाही, कारण शाळेचे बोधचिन्ह असलेला शर्ट दुसऱ्या गावात खपत नाही. शाळानिहाय निवड, थोडी दुरुस्ती आणि जूनआधी विक्री एवढे जमवता आले, तर पालकांचा खर्च निम्म्याने कमी होईल आणि निवडणाऱ्या व शिवणाऱ्या बायकांना हंगामी का होईना काम मिळेल. केंद्र सरकारच्या सूचनेवरून मे २०२३ मध्ये देशभरातील नगरपालिकांनी जुन्या वस्तू स्वीकारणारी ‘आरआरआर’ केंद्रे उघडली होती. तेथे वस्तू ठेवण्याची सोय झाली, पण ती निवडणारा माणूस पगारी असावा, हा विचार मागेच राहिला. बोहारणींना ओळखपत्र देऊन अशा केंद्रांवर निवडीचे काम सोपवणे आणि मोबदल्यात वरच्या मालाच्या विक्रीत वाटा देणे महापालिकेला फारसे खर्चाचे नाही.

जो कपडा कोणीच विकत घेत नाही त्याचीही या भागात सोय आहे. मराठीत तिला वाकळ किंवा गोधडी म्हणतात, होटगीपलीकडच्या कन्नड मुलखात कौदी. जुन्या साड्यांचे थर एकावर एक अंथरून, वर रंगीत तुकडे मांडून, बाहेरून आत येत जाणाऱ्या धावदोऱ्याने ती शिवली जाते. ती शिवून देणाऱ्या बायका गावोगाव फिरतात आणि मजुरी वाकळेच्या आकारावर ठरते. सुती लुगड्यांची वाकळ जितकी धुवावी तितकी मऊ होते. आता पॉलिस्टरच्या साड्याच अधिक मिळतात. त्या हाताखाली सरकतात, सुई नीट धरत नाहीत, आणि अंगावर घेतले तर घाम येतो. म्हणून आतल्या थरांत तरी सुती कापड मिळावे, यासाठी या बायका आठवडी बाजारातल्या त्याच जुन्या ढिगात हात घालून बोटांनी सूत चाचपत असतात.